घरच्यांचं करणाऱ्यांसाठी: ब्रिटनमधल्या केअरर्स अलाउन्सबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

केअरर्स अलाउन्स म्हणजे आजारी किंवा अपंग माणसाचं बिनपगारी करणाऱ्याला सरकारकडून दर आठवड्याला मिळणारा भत्ता. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी घरांतून त्याबद्दलचे हे प्रश्न मला बरीच वर्षं विचारले जातात. कधी गणपतीत आरती झाल्यावर कोपऱ्यात नेऊन, कधी रात्री अकराला फोनवर, पलीकडच्या खोलीत ऐकू जाऊ नये म्हणून आवाज खाली घेऊन. माझ्या सासऱ्यांचं, नानांचं, मी सहा वर्षं केलं. त्यांना पार्किन्सन्स होता. त्या काळात फॉर्म भरताना, फोनवर ताटकळताना आणि इतर घरांसोबत बसून कागद लावताना जे शिकले ते इथे लिहिते आहे. इथले भत्त्यांचे दर हे एप्रिल २०२६ पासूनचे आहेत आणि नियम मुख्यतः इंग्लंड-वेल्सचे. दर एप्रिलला आकडे बदलतात, तेव्हा अर्ज करण्याआधी सरकारी संकेतस्थळावर एकदा पाहून घ्या.

मी केअरर कुठली? मी तर सून आहे.

दहातल्या नऊ जणींचं पहिलं वाक्य हेच असतं. केअरर म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती एजन्सीची, निळा अंगरखा घालून गाडीतून उतरणारी बाई. आपल्या भाषेत यासाठी नाम नाहीच, नुसतं क्रियापद आहे: “सासूबाईंचं मीच करते.” “त्यांचं करायला दुसरं कुणी नाही.” काळजीवाहू हा शब्द आहे, पण तो आपण सरकारला किंवा मुख्यमंत्र्याला लावतो, स्वतःला कधीच नाही. त्यामुळे फॉर्मवर “तुम्ही कुणाचे केअरर आहात का?” असं विचारलं की आपण सरळ “नाही” वर खूण करून मोकळ्या होतो.

कायद्याच्या नजरेत पगार न घेता आजारी, अपंग किंवा म्हाताऱ्या माणसाचं जो करतो तो केअरर. नवरा, बायको, मुलगी, सून, जावई, शेजारीण, कुणीही. नातं असलंच पाहिजे असं नाही आणि एका घरात राहायचीही अट नाही. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये अशा लोकांची संख्या सुमारे ५० लाख निघाली. ज्यांनी स्वतःला मोजलंच नाही त्या आपल्या बायका त्यात नाहीत.

आपल्याच माणसाचं करायचे पैसे कसे घ्यायचे?

मला याच प्रश्नाने दोन वर्षं अडवलं. नानांना आंघोळ घालायची, जेवण बारीक करून द्यायचं, रात्री तीनदा उठायचं, आणि त्याचे पैसे मागायचे? माझ्या आईने आजीचं केलं ते काय पैशासाठी? असं म्हणत मी अर्ज केला नाही. नंतर केला तेव्हा कळलं की मागचे जास्तीत जास्त तीन महिन्यांचेच पैसे मिळतात. गेलेली दोन वर्षं गेली. त्या काळात शाळेच्या ऑफिसातली माझी नोकरी अर्ध्यावर आली होती आणि घराचा हप्ता मात्र पूर्णच होता.

म्हणून आधी हा भत्ता कुठून आला ते सांगते. मेरी वेबस्टर या पाद्री बाईंनी १९५४ साली आईवडिलांचं करण्यासाठी काम सोडलं. एकट्या अविवाहित मुलींवर ही वेळ येते आणि त्यांच्या हातात काहीच उरत नाही, हे त्यांनी १९६३ मध्ये वर्तमानपत्राला पत्र लिहून मांडलं. त्या पत्रातून १९६५ मध्ये संघटना उभी राहिली आणि त्या रेट्यातून १९७६ मध्ये इनव्हॅलिड केअर अलाउन्स सुरू झाला. पण विवाहित बायकांना त्यातून वगळलं होतं. कारण काय, तर त्या नाहीतरी घरीच असतात! हे दहा वर्षं चाललं. जॅकी ड्रेक नावाच्या विवाहित स्त्रीने १९८४ मध्ये आजारी आईसाठी काम सोडलं, भत्ता नाकारला गेला म्हणून ती भांडली आणि प्रकरण युरोपीय न्यायालयात गेलं. जून १९८६ मध्ये निकाल तिच्या बाजूने लागला. निकालाच्या आदल्या दिवशी सरकारने नियम बदलत असल्याचं जाहीर केलं होतं. पुढे २००३ मध्ये भत्त्याचं नाव केअरर्स अलाउन्स झालं.

तेव्हा हा भत्ता कुणी उपकार म्हणून दिलेला नाही. घरात बसून करणाऱ्या बायकांनी भांडून घेतलेला आहे. आणि रक्कम तरी केवढी? आठवड्याला ८६.४५ पौंड. किमान ३५ तास काम धरलं तर तासाला अडीच पौंडांहूनही कमी, जेव्हा कायद्याने ठरलेलं किमान वेतन तासाला १२.७१ पौंड आहे. नानांच्या सेवेची किंमत कुणी या पैशात मोजत नाही. तुमची नोकरी सुटते, त्या खड्ड्यात टाकायला ही मूठभर माती आहे. घ्या.

अटी काय आहेत?

तुमचं वय १६ किंवा त्याहून जास्त हवं. आठवड्याला निदान ३५ तास तुम्ही त्या माणसाचं करत असलं पाहिजे. यात फक्त उचलणं-बसवणं येत नाही. स्वयंपाक, कपडे, औषधं लावणं, डॉक्टरांकडे नेणं, पडू नये म्हणून नुसतं जवळ बसणं, सगळं मोजतात. तुम्ही आठवड्याला २१ तास किंवा त्याहून जास्त शिकत नसावं. नोकरीतली निव्वळ कमाई आठवड्याला २०४ पौंडांच्या वर नसावी. तुमची बचत किंवा नवऱ्याचा पगार पाहत नाहीत.

आणि सगळ्यात महत्त्वाची अट: ज्याचं तुम्ही करता त्याला अपंगत्वाचा ठराविक भत्ता मिळत असला पाहिजे. पेन्शनच्या वयाच्या माणसाला अटेंडन्स अलाउन्स, त्याखालच्या मोठ्यांना पिपचा (पर्सनल इंडिपेन्डन्स पेमेंट) रोजच्या जगण्यासाठीचा भाग, मुलांना डीएलएच्या (डिसॅबिलिटी लिव्हिंग अलाउन्स) काळजीच्या भागाचा मधला किंवा वरचा दर. हा भत्ता नसेल तर तुम्ही चोवीस तास करत असलात तरी केअरर्स अलाउन्स नाही. तुमचा कोट त्यांच्या खुंटीवर टांगलेला आहे. हे लक्षात ठेवा, कपातीच्या प्रश्नात पुन्हा लागेल.

स्कॉटलंडमध्ये याच्या जागी केअरर सपोर्ट पेमेंट आलं आहे आणि अर्ज तिथल्या सरकारकडे करायचा असतो.

दोघी जावा मिळून सासूबाईंचं करतो. दोघींना मिळेल?

नाही. एका माणसामागे एकीलाच. आणि एकीने सासू-सासरे दोघांचं केलं तरी भत्ता एकच.

आमचे बाबा कुणी आलं की म्हणतात, “मला काही झालेलं नाही.” अटेंडन्स अलाउन्स कसा मिळणार?

नानाही हेच म्हणायचे. १९६८ साली एका सुटकेसवर आलेला माणूस, पस्तीस वर्षं वर्कशॉपमध्ये उभं राहून काम केलेलं. फॉर्मवर प्रश्न होता: कपडे घालताना मदत लागते का? ते म्हणाले, “लिही, नाही. मी स्वतः घालतो.” मी त्यांच्यासमोर शर्ट ठेवला आणि घड्याळ लावलं. हात कापत होता. पहिलं बटण काजात जायला चार मिनिटं लागली, दुसरं चुकीच्या काजात गेलं, तिसऱ्याला त्यांनी शर्ट मांडीवर टाकला आणि खिडकीकडे पाहत बसले. मग म्हणाले, “लिही.”

फॉर्म भरताना चांगल्या दिवसाचं लिहू नका, नेहमीच्या दिवसाचं लिहा. एक वही घ्या आणि सात दिवस टिपून ठेवा: रात्री किती वेळा उठवलं, चहाचा कप अर्धाच का भरावा लागतो, गॅस चालू राहिला होता का, जिन्यावर मागून हात धरावा लागतो का. आपण वर्षानुवर्षं करत आलेल्या गोष्टी आपल्याला दिसतच नाहीत. नानांच्या ताटातली पोळी मी कुस्करून देते, हे मला फॉर्ममध्ये लिहायचं सुचलं नव्हतं. शेजारीण म्हणाली, अगं, ही मदतच की.

दर दोन आहेत. दिवसा किंवा रात्री मदत लागत असेल तर आठवड्याला ७६.७० पौंड, दिवसा आणि रात्री दोन्ही वेळा लागत असेल तर ११४.६०. म्हणून रात्रीचं नीट लिहा. सहसा सहा महिने तरी अशी गरज असलेली दाखवावी लागते. मिळकत किंवा बचत पाहत नाहीत, स्वतःचं घर असलं तरी चालतं. फोन करून फॉर्म मागवला तर त्यावर तारखेचा शिक्का येतो आणि सहा आठवड्यांत परत पाठवला तर त्या तारखेपासून पैसे धरतात. त्यामुळे फोन आज करा, फॉर्म सावकाश भरा. आणि अटेंडन्स अलाउन्स मंजूर झाल्याचं पत्र आलं की तीन महिन्यांच्या आत केअरर्स अलाउन्सचा अर्ज टाका. मग तुमचा भत्ताही त्यांचा सुरू झाला त्या दिवसापासून मिळू शकतो.

मी अर्धवेळ नोकरी करते. २०४ पौंडांची मर्यादा नक्की कशी मोजतात?

इथे नीट थांबून वाचा. सर्वात जास्त घरं इथेच अडकली आहेत.

मर्यादा उतरणीसारखी नाही, कड्यासारखी आहे. २०४ पौंडांपर्यंत पूर्ण भत्ता, २०५ झाले की त्या आठवड्याचा सगळा भत्ता गेला. एका पौंडापायी ८६.४५. वर्षभर दर आठवड्याला एक पौंड जास्त मिळाला तर ५२ पौंड कमावून जवळजवळ साडेचार हजार पौंड परत करायची वेळ येते.

महिन्याचा पगार असेल तर आकडा ८८४ पौंडांचा धरा. किमान वेतनावर १६ तास काम केलं तर २०३.३६ पौंड होतात, म्हणजे जेमतेम बसतात. नाताळच्या आठवड्यात दुकानाने एक तास जास्त थांबायला सांगितलं की गेलात वर. बोनस, सुट्टीचा पगार, वेतनवाढीची थकबाकी, सगळं कमाईत धरलं जाऊ शकतं.

पण काही गोष्टी वजा होतात आणि त्या लोक सांगत नाहीत. कर आणि नॅशनल इन्शुरन्स (पगारातून कापलं जाणारं, सरकारी पेन्शनशी जोडलेलं योगदान) वजा होतात. पेन्शनमध्ये भरलेल्या पैशांपैकी निम्मे वजा होतात. कामावर असताना घरच्या माणसापाशी कुणाला पैसे देऊन बसवलं, आणि ती व्यक्ती जवळच्या नात्यातली नसेल, तर तो खर्चही निव्वळ कमाईच्या निम्म्यापर्यंत वजा होतो. पगाराच्या पावत्या आणि त्या बाईंना दिलेल्या पैशांच्या नोंदी जपून ठेवा. तास बदलते असतील तर सरासरी काढता येते, पण ती कशी काढणार हे लेखी विचारून घ्या.

एप्रिल २०२५ पर्यंत ही मर्यादा फक्त १५१ पौंड होती. किमान वेतन दरवर्षी वाढायचं, मर्यादा त्या वेगाने वाढायची नाही, त्यामुळे तेवढेच तास करणारी बाई पगारवाढ झाली की आपोआप कड्यावरून खाली पडायची. ऑक्टोबर २०२४ च्या अर्थसंकल्पात ती १९६ वर नेली आणि १६ तासांच्या किमान वेतनाशी बांधली. १९७६ पासूनची ही सर्वात मोठी वाढ. कडा मात्र अजून कडाच आहे.

जास्त पैसे दिले गेले म्हणून परत करा असं पत्र आलं आहे. काय करू?

घाबरून लगेच हप्ते बांधून घेऊ नका. आणि पत्र ड्रॉवरमध्येही टाकू नका.

२०२४ मध्ये हा प्रश्न देशभर गाजला. १ लाख ३४ हजारांहून अधिक केअरर मिळून २५ कोटी पौंडांच्या वर रक्कम फेडत असल्याचं बाहेर आलं. कमाईची माहिती सरकारी यंत्रणेकडे करखात्यातून येत होती, तरी वर्षानुवर्षं कुणी सांगितलं नाही आणि मग एकदम हजारोंचं देणं अंगावर आलं. काहींवर खटले झाले. सरकारने लिझ सेस यांना स्वतंत्र चौकशीसाठी नेमलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेल्या त्यांच्या अहवालाने सांगितलं की चूक केअररांच्या खोटेपणाची नव्हती, व्यवस्थेची होती. बदलत्या कमाईची सरासरी काढण्याच्या सूचनाच सरकारी खात्यात अस्पष्ट होत्या. सरकारने बहुतेक शिफारशी मान्य केल्या आणि सुमारे २ लाख जुनी प्रकरणं पुन्हा तपासायचं कबूल केलं.

म्हणून २०१५ ते २०२५ मधलं असं देणं तुमच्यावर लावलं गेलं असेल, तुमचे तास कमी-जास्त होत असतील, तर ते पुन्हा तपासा असं लेखी मागा. ताज्या निर्णयाविरुद्ध फेरविचाराचा अर्ज साधारण एक महिन्यात करायचा असतो, त्यानंतर ट्रायब्युनल, म्हणजे स्वतंत्र न्यायाधिकरण. सिटिझन्स ॲडव्हाइस या सल्ला देणाऱ्या संस्थेच्या कार्यालयात फुकट मदत मिळते, दुभाषी लागला तर आधी सांगा. आपल्या घरांत कर्ज शब्दाची इतकी लाज असते की एक ओळखीच्या काकू मुलांनाही न सांगता दागिना विकायला निघाल्या होत्या. त्यांच्यासोबत बसून पगाराच्या पावत्या लावल्या तेव्हा पेन्शनची कपात कुणी धरलीच नव्हती असं दिसलं.

सरकार कपात करतंय म्हणतात. केअरर्स अलाउन्स बंद होणार का?

थेट बंद करण्याची घोषणा नाही, रक्कमही महागाईप्रमाणे वाढली आहे. पण केअरर्स अलाउन्सला हात न लावताही तो काढून घेता येतो. खुंटी काढली की कोट खाली.

मार्च २०२५ मध्ये नेमकं हेच होऊ घातलं होतं. अपंगत्वाच्या भत्त्यांवरचा खर्च कमी करण्यासाठी सरकारने पिपचे निकष कडक करायचा प्रस्ताव आणला: रोजच्या जगण्याच्या भागासाठी निदान एका कामात चार गुण मिळालेच पाहिजेत. सगळीकडे दोन-दोन गुण असलेला माणूस, म्हणजे ज्याला प्रत्येक गोष्टीत थोडी थोडी मदत लागते, तो बाहेर. आणि त्याच्या मागे त्याचं करणारीही बाहेर. सरकारच्याच अंदाजानुसार २०२९-३० पर्यंत सुमारे दीड लाख लोकांचा केअरर्स अलाउन्स किंवा युनिव्हर्सल क्रेडिटमधला (कमी मिळकतीच्या घरांना मिळणारा सरकारी भत्ता) केअररचा भाग जाणार होता. त्या अंदाजात हेही धरायला हवं होतं की भत्ता गेला तरी ती बाई दुसऱ्या दिवशी सकाळी उठून तेच सगळं करणार आहे.

सत्ताधारी पक्षाच्याच खासदारांनी बंड केलं आणि १ जुलै २०२५ रोजी सरकारने ते कलम मागे घेतलं. आता मंत्री स्टीफन टिम्स यांच्या नेतृत्वाखाली पिपचा आढावा चालू आहे आणि निकषांतले बदल त्यानंतरच. म्हणजे टांगती तलवार गेलेली नाही. अटेंडन्स अलाउन्सवर त्या प्रस्तावात काही नव्हतं, त्यामुळे सासू-सासऱ्यांचं करणाऱ्यांनी निदान या कारणाने झोप घालवू नये.

जे बदल झाले तेही पाहा. एप्रिल २०२६ पासून युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये आजारपणासाठी मिळणारा जादा भाग नव्याने अर्ज करणाऱ्या बहुतेकांसाठी जवळपास निम्मा झाला आहे. घरात एक आजारी आणि दुसरी करणारी असेल तर झळ एकाच चुलीला लागते.

कपातीविरुद्ध केअरर आधीही लढले आहेत आणि जिंकलेही आहेत. २०१३ मध्ये एका घराला मिळणाऱ्या एकूण भत्त्यांवर वरची मर्यादा आली. नोव्हेंबर २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने केअररांना त्यात धरणं भेदभावाचं ठरवलं आणि नोव्हेंबर २०१६ पासून त्यांना सूट मिळाली. म्हणून खासदाराला पत्र लिहा म्हटलं की “त्याने काय होणार” असं म्हणू नका. दोन परिच्छेद पुरतात: तुम्ही कुणाचं करता, दिवस कसा जातो, भत्ता गेला तर कुठला खर्च थांबेल.

मला स्टेट पेन्शन मिळते. मी ७२ वर्षांची आहे, नवऱ्याचं करते. अर्ज करून उपयोग आहे का?

हो, आणि हे आपल्या मंडळींना सर्वात कमी माहीत आहे. पेन्शन ८६.४५ पेक्षा जास्त असेल तर केअरर्स अलाउन्स हातात मिळत नाही. पण अर्ज केला की पत्र येतं: तुम्ही पात्र आहात, पण पैसे देता येत नाहीत. लोक ते नकाराचं पत्र समजून फाडतात. फाडू नका! त्या पत्राच्या आधारावर पेन्शन क्रेडिटमध्ये (कमी मिळकतीच्या पेन्शनरांना मिळणारी सरकारी मदत) आठवड्याला ४८.१५ पौंडांची भर पडते, आणि ज्यांना आधी थोडक्यात पेन्शन क्रेडिट नाकारलं गेलं ते या भरीमुळे त्यात बसू शकतात.

युनिव्हर्सल क्रेडिट आणि केअरर्स अलाउन्स दोन्ही?

दोन्ही घेता येतात, पण केअरर्स अलाउन्सचा प्रत्येक पौंड युनिव्हर्सल क्रेडिटमधून वजा होतो. फायदा होतो तो केअररच्या जादा भागाचा, महिन्याला २०९.३४ पौंड. त्यासाठी केअरर्स अलाउन्स घेतलाच पाहिजे असं नाही, ३५ तासांची अट पुरी करून तुमच्या ऑनलाइन खात्यात कळवलं तरी चालतं. शिवाय काम शोधत असल्याचे पुरावे मागत नाहीत.

नोकरी पूर्ण सुटली असेल किंवा भत्त्याच्या मर्यादेबाहेर असाल तर एक गोष्ट विसरू नका. केअरर्स अलाउन्समध्ये नॅशनल इन्शुरन्सची वर्षं आपोआप भरली जातात. तो मिळत नसेल पण आठवड्याला २० तास करत असाल तर केअरर्स क्रेडिट नावाचा वेगळा अर्ज आहे. पैसे मिळत नाहीत, म्हातारपणीच्या पेन्शनमधलं भोक बुजतं.

माझ्या अर्जामुळे आईचे पैसे कमी होतील का?

होऊ शकतात. आई एकटी राहत असेल आणि तिला पेन्शन क्रेडिटमध्ये तीव्र अपंगत्वाची जादा रक्कम मिळत असेल, तर तुम्ही तिच्यासाठी केअरर्स अलाउन्स किंवा केअररचा भाग घेतला की तिची ती रक्कम थांबते. ती रक्कम जवळपास तुमच्या भत्त्याएवढीच असते. आधी तिची पत्रं काढून पाहा, मग अर्ज करा. तुम्ही दोघी एकाच घरात राहत असाल तर बहुधा हा प्रश्न येत नाही.

आम्ही वर्क व्हिसावर आहोत.

व्हिसावर सार्वजनिक निधी न घेण्याची अट असेल तर हा अर्ज करू नका. केअरर्स अलाउन्स, अटेंडन्स अलाउन्स, पिप हे सगळे त्या निधीत येतात आणि घेतले तर पुढे कायम वास्तव्याच्या अर्जाला बाधा येऊ शकते. कायम वास्तव्य किंवा नागरिकत्व मिळाल्यावरही गेल्या तीन वर्षांपैकी साधारण दोन वर्षं इथे राहिल्याचं दाखवावं लागतं. आईवडिलांना अवलंबित म्हणून कायमचं आणलं असेल तर पहिली पाच वर्षं त्यांचा खर्च तुम्हीच करण्याचं हमीपत्र तुम्ही दिलेलं असतं.

नोकरी करणाऱ्या कुणालाही, व्हिसा कुठलाही असो, एप्रिल २०२४ पासून वर्षाला एक आठवडा बिनपगारी केअरर रजा कायद्याने मिळते, पहिल्या दिवसापासून.

भारतात जायचं असेल तर भत्ता बंद होतो का?

तुम्ही एकट्या गेलात तर २६ आठवड्यांत चार आठवड्यांपर्यंत चालू राहतो. भाचीच्या लग्नाला जाऊन यायला पुरतं, दिवाळी ते संक्रांत राहायला नाही. ज्यांचं करता त्यांना सोबत नेलं तर जास्त काळ चालू शकतो, पण अटेंडन्स अलाउन्स सर्वसाधारणपणे १३ आठवड्यांनंतर थांबतो आणि त्याबरोबर तुमचाही. तिकीट काढल्यावर तारखा कळवून टाका.

आई पुण्यात आहे, मी वर्षातून चार महिने जाऊन तिचं करते. मिळेल?

नाही. ज्याचं करता त्याला ब्रिटनचा अपंगत्वाचा भत्ता हवा. भारतात २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात जास्त आधाराची गरज असलेल्यांसाठी काळजी घेणाऱ्याच्या भत्त्याचा उल्लेख आहे आणि केरळमध्ये आश्वासकिरणम योजनेत अंथरुणाला खिळलेल्यांचं करणाऱ्यांना महिन्याला ६०० रुपये ठरलेले आहेत. महाराष्ट्रात संजय गांधी निराधार योजनेतून दिव्यांग व्यक्तीला अनुदान मिळतं, पण ते तिच्या नावाने असतं, तिचं करणाऱ्या आईच्या किंवा बहिणीच्या नावाने नाही.

काउन्सिलकडून, म्हणजे स्थानिक पालिकेकडून, काही?

२०१४ च्या केअर ॲक्टप्रमाणे इंग्लंडमध्ये प्रत्येक केअररला स्वतःच्या गरजांची तपासणी मागता येते. मागा, लेखी मागा. काउन्सिलांकडे पैसा नाही हे खरं आहे, बर्मिंगहॅमने २०२३ मध्ये तसं जाहीरच केलं. तरी तपासणी नाकारता येत नाही, आणि आठवड्यातून एक दुपार कुणी येऊन बसलं तर तुम्ही स्वतःच्या दातांच्या डॉक्टरकडे तरी जाऊ शकता.

ते रुग्णालयात गेले किंवा वारले तर?

रुग्णालयात २८ दिवस झाले की अटेंडन्स अलाउन्स थांबतो आणि त्याबरोबर केअरर्स अलाउन्सही. दाखल झाल्याची तारीख लगेच कळवा, नाहीतर तेच पैसे नंतर परत मागतात. घरी आले की पुन्हा कळवा.

वारल्यावर केअरर्स अलाउन्स आठ आठवड्यांपर्यंत चालू राहतो. मृत्यूची नोंद करताना ‘टेल अस वन्स’ सेवेचा क्रमांक मिळतो, त्यावर एकदा सांगितलं की बहुतेक सरकारी खात्यांना कळतं. नाना गेल्यावर मी तेराव्यानंतर तो फोन केला. पलीकडच्या मुलीने विचारलं, तुम्ही त्यांच्या कोण? सून म्हणायला तोंड उघडलं आणि केअरर म्हणाले. आठ आठवड्यांत मला शाळेने पूर्ण वेळ परत घेतलं नाही, म्हणून नवव्या आठवड्यासाठी युनिव्हर्सल क्रेडिटचा अर्ज आधीच टाकून ठेवला होता. पहिला हप्ता यायला पाच आठवडे लागतात, तेव्हा तुम्हीही तो आठ आठवडे संपायच्या आधीच टाका.